अंग खाली येतंय आणि डॉक्टर म्हणतात ‘काही नाही’, तेव्हा काय करायचं

तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात माझी पिठाची गिरणी आहे. आमचे हे साखर कारखान्यात पाळीला जातात, गिरणी मीच चालवते. दिवाळीआधीचे पंधरा दिवस तिथं उभं राहायला जागा नसते. भाजणी, डाळीचं पीठ, रव्यासारखं जाडसर दळण, एकामागून एक डबा उचलायचा आणि खांद्याच्या वर नेऊन ओतायचा. तीन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री गिरणी बंद करून अंघोळीला बसले. साबण लावताना हाताला काहीतरी लागलं. ओलं, गुळगुळीत, सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं. बोटानं दाबलं की आत जायचं, उठून उभी राहिले की परत यायचं. दुखत नव्हतं. भीती मात्र अशी वाटली की पाणी निवेपर्यंत मी तशीच बसून राहिले. सकाळी उठून पाहिलं तर काहीच नाही.

तेव्हा मी ४४ वर्षांची होते. तीन बाळंतपणं झालेली, तिन्ही साधी. मधल्या बाळाला चिमटा लावावा लागला होता. पाळी पुढं-मागं व्हायला लागलेली. डॉक्टरांकडं गेले तर पहिल्यांदा ‘काही नाही, वयानं वाटतं तसं’ म्हणून टॉनिक मिळालं. दुसऱ्यांदा दुसरीकडं गेले तर ‘पोरं झालीत ना, पिशवी काढून टाकू, विषय संपला’ असं ऐकायला मिळालं. दोन्हीकडं मिळून तपासणीला पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील. खरं निदान व्हायला चौदा महिने गेले. ते चौदा महिने तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

आधी शब्द नीट हातात घ्या

पहिल्या डॉक्टरांना मी काय सांगितलं होतं? ‘खाली जड जड वाटतंय, कंबर दुखते.’ बस्स. लाज वाटत होती. खोलीत दुसरी पेशंट बसलेली, कंपाउंडर ये-जा करत होता. पण ‘जड वाटतंय’ म्हणणाऱ्या बायका डॉक्टरांकडं दिवसाला वीस येतात. त्यात माझं दुखणं ओळखायचं कसं?

आपल्याकडं याला ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात, ‘पिशवी खाली आली’ म्हणतात. डॉक्टर ‘प्रोलॅप्स’ म्हणतात. एक गोष्ट मला फार उशिरा कळली, की दरवेळी पिशवीच खाली येते असं नाही. योनीची पुढची भिंत सैल पडली तर तिच्यामागचं लघवीचं मूत्राशय खाली उतरतं, त्याला सिस्टोसिल म्हणतात. मागची भिंत सैल पडली तर गुदाशय पुढं फुगून येतं, ते रेक्टोसिल. गर्भाशय स्वतः खाली सरकलं तर ती खरी पिशवी खाली येणं. एकीला एकच असतं, एकीला दोन-तीन एकत्र असतात. माझं सिस्टोसिल निघालं. म्हणजे पिशवी काढून टाकली असती तरी माझं मूळ दुखणं जिथल्या तिथं राहिलं असतं.

तेव्हा दवाखान्यात जायच्या आधी आठ दिवस एका कागदावर लिहून ठेवा. मी गिरणीतल्या उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं होतं. त्यातलं थोडं इथं देते, कसं लिहायचं ते कळावं म्हणून:

‘सकाळी उठल्यावर काही नाही. दुपारी ३ नंतर ओढ लागते, बसताना मध्ये काहीतरी आहे असं वाटतं. सोमवारी ११ वेळा लघवीला गेले, तरी मोकळं वाटलं नाही. शिंकले की थेंब गळतात. आडवी झाले की अर्ध्या तासात बरं वाटतं. मंगळवारी बाजरीचे डबे जास्त होते, संध्याकाळी गोळा बाहेर, चड्डीला घासतो. शौचाला अडचण नाही.’

शौचाचंही लिहा. रेक्टोसिल असलेल्या बऱ्याच बायकांना योनीत किंवा बाजूनं बोटानं दाब दिल्याशिवाय शौचाला साफ होत नाही, आणि ही गोष्ट त्या कुणालाच सांगत नाहीत. डॉक्टरांच्या दृष्टीनं ती फार मोलाची खूण आहे. त्यात घाण किंवा विचित्र काही नाही.

घरात छोटा आरसा असेल तर संध्याकाळी, काम झाल्यावर, उकिडवं बसून, खोकून बघा. काय दिसतं ते लिहा. लिंबाएवढं, अंड्याएवढं, जे असेल ते.

दुखणं संध्याकाळचं, तपासणी सकाळची

माझे चौदा महिने याच एका गोष्टीनं खाल्ले. मी दोन्ही वेळा सकाळी दहाच्या सुमाराला गेले होते. रात्रभर झोपून उठलेली, डॉक्टरांकडं जायचं म्हणून त्या दिवशी गिरणी बंद ठेवलेली. टेबलावर उताणं झोपवून तपासलं. झोपल्यावर सगळं आत गेलेलं असतं. ज्यांनी बघितलं त्यांना खरंच काही दिसलं नसेल. पण दिसलं नाही तर ‘जोर लावा’, ‘खोका’, ‘उभ्या राहा’ असं सांगायला हवं होतं, आणि ते सांगितलं गेलं नाही याचा मला अजून राग आहे.

खासगी दवाखान्यात जाणार असाल तर संध्याकाळची वेळ घ्या. सरकारी दवाखान्याची ओपीडी सकाळीच असते, तिथं जाणार असाल तर घरची कामं करून, चालून, एसटीत उभं राहून जा. मी तिसऱ्यांदा मिरजेला गेले तेव्हा पहाटे पाचपासून चार तास गिरणी चालवून गेले. स्टँडवरून रिक्षा केली नाही, चालत गेले. नंबर येईपर्यंत बाकावर बसले नाही. बाहेरची बाई म्हणाली, ‘बसा की ताई, अजून लई वेळ आहे.’ मी म्हटलं, मला उभंच राहायचंय.

आणि आत गेल्यावर पहिलं वाक्य हे म्हणा. घरी दोनदा मोठ्यानं म्हणून बघा म्हणजे तोंडात बसेल:

‘मॅडम, माझ्या योनीतून गोळा बाहेर येतो. संध्याकाळी येतो, झोपल्यावर आत जातो. मला जोर लावायला सांगून तपासा. झोपून दिसलं नाही तर उभं करून तपासा.’

मिरजेच्या मॅडमनी माझी वही वाचली. मग डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले, बदकाच्या चोचीसारखं एक साधन असतं त्यानं मागची भिंत बाजूला धरली आणि म्हणाल्या, ‘खोका. आता बाळंतपणात लावला होता तसा जोर लावा.’ मग उभं राहून, एक पाय स्टुलावर ठेवून परत तेच. नर्सबाई शेजारी होत्या. सगळं मिळून आठ-दहा मिनिटं. मॅडम म्हणाल्या, ‘सिस्टोसिल आहे, दुसऱ्या टप्प्याचं.’ मला रडूच आलं. आजार सापडला म्हणून कुणी रडत नाही, पण मी रडले.

टप्पे चार असतात. योनीच्या तोंडाशी जो पडदा असतो त्याच्या कडेपासून मोजतात. सगळ्यात खाली आलेला भाग कडेच्या एक सेंटिमीटरपेक्षा जास्त आत असेल तर पहिला. एक सेंटिमीटर आत ते एक सेंटिमीटर बाहेर, एवढ्यात असेल तर दुसरा. त्याहून बाहेर असेल तर तिसरा, आणि जवळजवळ सगळंच उलटून बाहेर आलं तर चौथा. तुमचा टप्पा कोणता आणि कोणती भिंत, हे केसपेपरवर लिहून घ्या. पुढच्या वर्षी वाढलंय की तेवढंच आहे हे त्यावरूनच कळतं.

सोनोग्राफीचं एक सांगते, कारण यात पुष्कळ बायका अडकतात. माझ्याकडं दोन सोनोग्राफी होत्या, दोन्ही ‘नॉर्मल’. ती फाइल दाखवली की पुढचं बोलणंच बंद व्हायचं. नेहमीच्या पोटाच्या सोनोग्राफीत पिशवीचा आकार, गाठी, अंडाशय दिसतात. खालचा आधार सैल झालाय का हे त्यात कळत नाही. ते हातानं, डोळ्यानं, जोर लावायला सांगूनच कळतं. लघवी करून आल्यावर किती लघवी आत उरली हे मात्र सोनोग्राफीत मोजता येतं, आणि लघवी साफ होत नसेल तर ते मोजून घ्यायला सांगा. लघवीची साधी तपासणीही करून घ्या.

तरीही कुणी ‘काही नाही’ म्हटलं तर भांडू नका. शांतपणे म्हणा, ‘ठीक आहे सर, मग जोर लावून तपासलं, काही आढळलं नाही, असं केसपेपरवर लिहून द्या.’ माझ्या धाकट्या जावेनं हे केलं. तिला त्याच दवाखान्यात परत टेबलावर घेतलं गेलं.

कागदपत्रं मागायला घाबरू नका. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमानुसार तुम्ही मागितल्यावर ७२ तासांच्या आत तुमच्या नोंदी द्याव्या लागतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हाही रुग्णाचा हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी दवाखान्यांनी रुग्णहक्कांची सनद लावायची असते, भिंतीवर शोधा, सापडेल. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर खोलीत बाई असायलाच हवी. कुणी नसेल तर सोबत आणलेल्या बाईला आत बोलवा. सोबत जरूर न्या, पण अशी न्या जी तुमच्या वतीनं ‘काय नाय हो, जरा टेन्शन घेते’ म्हणणार नाही.

आणखी एक. जायच्या आधी दवाखान्यात फोन करून विचारा, ‘तुमच्याकडं अंग खाली येण्यासाठी रिंग बसवतात का?’ रिंग म्हणजे आत बसवून सैल भिंतीला टेकू देणारी बांगडीसारखी वस्तू, तिच्याबद्दल शेवटी सांगते. जिथं ऑपरेशनच होतं तिथं तुम्हाला ऑपरेशनच सांगतील. जिथं रिंग, व्यायाम आणि ऑपरेशन तिन्ही आहे तिथं बोलायला जागा असते. आपल्याकडं मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, साताऱ्याला जिल्हा रुग्णालय आहे, दोन्हीकडं स्त्रीरोग विभाग आहे. पैशांची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा, कशाला मंजुरी मिळते आणि कुठं, ते तोच सांगेल.

तोपर्यंत दिवस कसा काढायचा

निदान होवो न होवो, या गोष्टी आजपासून करता येतात आणि त्यानं नुकसान नाही.

ओझं. हे मी पहिलं लिहितेय कारण सगळ्यात जास्त फरक मला त्यानं पडला. पोटावर दाब आला की तो खाली जातो, आणि खालची झोळी सैल झालेली असली की ती आणखी खाली येते. एक डबा पंधरा-वीस किलोचा. आता माझ्या गिरणीत नियम आहे, ज्याचं दळण त्यानं ओतायचं. म्हाताऱ्या बायकांचं असेल तर मी लहान पातेल्यानं चार खेपांत ओतते. सुतारानं गिरणीशेजारी कमरेएवढी एक फळी बसवून दिली, डबा जमिनीवरून उचलायचा प्रश्नच संपला. पाण्याचा हंडा घरी आणायचा थांबवला, कळशी अर्धी भरते. उचलावंच लागलं तर वस्तू छातीशी घ्या, आधी खालचा भाग आवळा, मग श्वास सोडत सोडत उचला. श्वास कोंडून उचलायचं नाही. खोकला, शिंक येतेय असं कळलं की त्याच्या आधी असंच आवळायचं, गळणंही कमी होतं.

आमच्या भागात द्राक्षांचे क्रेट उचलणाऱ्या, ऊसतोडीला आलेल्या बायका बघते तेव्हा जीव कासावीस होतो. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतात, बाळंत होऊन दोन महिने झालेले नसतात. त्यांना ‘ओझं उचलू नका’ म्हणणं सोपं नाही हे मला कळतं. त्यांच्यासाठी निदान मोळी लहान बांधणं आणि श्वास सोडत उचलणं, एवढं तरी सांगत चला.

शौचाला कुंथायचं नाही. रात्री इसबगोल पाण्यातून, त्यावर आणखी एक ग्लास पाणी. खुर्चीचा संडास असेल तर पायाखाली वीतभर उंचीचा पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर येतात. भारतीय संडासात बसत असाल तर बसण्याची पद्धत चांगलीच आहे, फक्त जोर लावत बराच वेळ बसू नका. मागच्या भिंतीचा त्रास असेल तर स्वच्छ अंगठा योनीत घालून मागच्या बाजूला दाबला की काम होतं. डॉक्टरी पुस्तकातही ही युक्ती आहे.

लघवी. करून झाली की उठा, जरा पुढं वाका, परत बसा, उरलेली येते. पाणी कमी प्यायची चूक मी केली होती. बाजाराला जायचं, वाटेत जागा नाही, म्हणून सकाळपासून घोटभर पाणी. त्यानं लघवीची जळजळ सुरू झाली आणि बद्धकोष्ठही वाढलं.

आडवं होणं. संध्याकाळी स्वयंपाकाच्या आधी वीस मिनिटं कमरेखाली उशी घेऊन पडायचं, पायाखाली नव्हे, कमरेखाली. बाहेर आलेला भाग आपोआप आत जातो, नाही गेला तर हात धुऊन बोटानं हळूच आत सारायचा. घरच्यांना सुरुवातीला हे पटलं नाही. दिवेलागणीला पडलेली बाई म्हणजे आळशी. मी यांना समोर बसवून सगळं सांगितलं, आरशात काय दिसतं तेसुद्धा. त्या दिवसापासून संध्याकाळी कणीक हे मळतात.

खोकला जुना असेल तर त्याचा इलाज करा. चुलीचा धूर, तंबाखूची मिश्री भाजतानाचा धूर, गिरणीतलं पीठ. मी आता तोंडाला रुमाल बांधते.

व्यायाम, पण नीट शिकून

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम कागदावर वाचून मी चार महिने उलटा केला. आवळायच्या ऐवजी खाली ढकलत होते. असं पुष्कळ जणींचं होतं. म्हणून एकदा तरी शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टला भेटा. कराडला फिजिओथेरपीचं कॉलेजच आहे.

करायचा असा. वारा सरायला लागलाय आणि लघवीही लागलीय, दोन्ही एकदम रोखायचं आहे, अशा तऱ्हेनं आतल्या आत आवळून वर ओढायचं. पोट कडक होता कामा नये, मांड्या आणि ढुंगण सैल, श्वास चालू. पाच आकडे धरा, मग तेवढाच वेळ पूर्ण सोडा. सोडणं तितकंच महत्त्वाचं आहे. हळूहळू दहा आकड्यांपर्यंत न्या. आठ वेळा, दिवसातून तीनदा. बरोबर होतंय का बघायचं तर आरसा धरा, आवळल्यावर खालचा भाग आत आणि वर गेला पाहिजे. फुगून बाहेर आला तर उलटं चाललंय, थांबा. लघवी करता करता मध्येच थांबवून व्यायाम करायची सवय लावू नका. आवळताना दुखत असेल, संबंधाच्या वेळी दुखत असेल, तर स्नायू आधीच ताठलेले असू शकतात, तेव्हा आधी सैल सोडायला शिकावं लागतं.

मी हा व्यायाम दळणाला बांधला. सकाळी पहिला डबा दळायला लागला की आठ, दुपारी आठ, बंद करताना आठ. गिरणीच्या आवाजात कुणाला काय कळतंय!

आठ दिवसांत फरक पडत नाही. इंग्लंडमध्ये डॉक्टरांसाठी २०१९ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं निघाली, त्यात पहिल्या-दुसऱ्या टप्प्यासाठी शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली निदान १६ आठवडे व्यायाम सांगितलाय. मला दहाव्या आठवड्यात शिंकताना गळायचं थांबलं. गोळा गेला नाही, पण संध्याकाळची ओढ निम्म्यावर आली. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात केवळ व्यायामानं अंग वर जाईल अशी आशा कुणी दाखवत असेल तर विश्वास ठेवू नका.

पिशवी काढायच्या आधी

ऑपरेशन वाईट नाही. पुष्कळ बायकांचं आयुष्य त्यानं सुधारतं. माझा आक्षेप न सांगता, न तपासता काढण्याला आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सर्रास काढल्या गेल्या हे २०१९ मध्ये सगळ्या राज्यानं वाचलं, विधिमंडळात गाजलं, सरकारनं समिती नेमली. त्याच बायका दर हंगामात आपल्याकडच्या फडात येतात.

ऑपरेशन सांगितलं तर हे विचारा. माझी कोणती भिंत खाली आलीय आणि ती तुम्ही उचलून बांधणार का, की नुसती पिशवी काढणार? पिशवी काढल्यावर वरचं टोक कशाला बांधणार? आधार दिला नाही तर पुढं योनीचं वरचं टोकच खाली येऊ शकतं. अंडाशय ठेवणार का? विनाकारण काढले तर रजोनिवृत्ती वेळेआधी, एकदम येते, हाडं ठिसूळ होतात. ऑपरेशननंतर लघवी गळायला लागेल का? मूत्राशय खाली वाकल्यामुळं गळणं दबलेलं असतं, ते वर बांधल्यावर उघडं पडू शकतं. परत खाली यायची शक्यता किती? जाळी वापरणार का? योनीतून जाळी बसवून अंग उचलायच्या ऑपरेशनमध्ये पुष्कळ तक्रारी आल्या, अमेरिकेनं २०१९ मध्ये त्या जाळीची विक्री थांबवली.

वय कमी असेल, मूल हवं असेल, तर पिशवी ठेवून ती वर बांधायची ऑपरेशनं आहेत. त्यातली दोन आपल्याच मुंबईच्या डॉक्टरांच्या नावानं ओळखली जातात, शिरोडकरांची आणि पुरंदऱ्यांची. ‘पिशवी ठेवून करता येईल का’ हा प्रश्न वेडगळ नाही एवढं त्यावरून लक्षात घ्या. आणि ऑपरेशननंतर निदान सहा आठवडे, डॉक्टर सांगतील तर त्याहून जास्त, ओझं नाही. तेवढे दिवस घरात पाणी कोण भरणार हे आधी ठरवा, तारीख नंतर घ्या.

काही गोष्टींत मात्र थांबायचंच नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा: लघवी अजिबात होत नाही, बाहेर आलेला भाग आत जात नाही आणि काळानिळा पडतोय, खूप दुखतंय, ताप आणि थंडी भरलीय. बाहेरच्या भागाला जखम झाली, घाण वास येणारं पाणी जातंय, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर आठवड्याच्या आत तपासून घ्या. रक्त अंग घासल्यामुळंच आलंय असं घरी ठरवू नका.

रिंग

मी रिंग घेतली. पेसरी म्हणतात तिला. सिलिकॉनची, मऊ, बांगडीसारखी, दुमडून आत घालतात आणि आत उघडली की भिंतीला टेकू देते. पहिलं माप लहान झालं, जिना चढताना निसटली. दुसरं बसलं. दवाखान्यातून निघायच्या आधी चालून बघा, उकिडवं बसा, खोका, लघवी करून बघा. लघवी अडली किंवा टोचतंय असं वाटलं तर माप बदलून मागा. नीट बसलेली रिंग जाणवत नाही. मला काढून, साध्या साबणपाण्यानं धुऊन परत घालायला शिकवलं. ज्यांना जमत नाही त्यांची दवाखान्यात काढून धुऊन देतात. पाळी गेलेल्या बायकांना आत कोरडेपणा असतो, त्यासाठी डॉक्टर इस्ट्रोजेनचं मलम देतात. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर ते आधी सांगा. रिंग बसवून विसरून जाणं सगळ्यात धोक्याचं, आत जखमा होतात.

मी रिंग घेऊन आले त्या रात्री आत्याबाईंना पहिल्यांदा सांगितलं. त्या ७१ वर्षांच्या. लुगड्याचा ओचा सारखा करत बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, माझं तर तुझ्या नणंदेच्या वेळेपासनं हाय. फडकं घट्ट बांधायचं आन् रानात जायचं.’ नणंद आता ४८ वर्षांची आहे.

पुढच्या महिन्यात त्यांना मिरजेला नेलं. चौथ्या टप्प्याला आलेलं, एका बाजूला जखम. आधी महिनाभर मलम लावून जखम भरली, मग मोठ्या मापाची रिंग बसली. ऑपरेशन नको म्हणाल्या, साखर आणि रक्तदाब दोन्ही आहेत. घरी आल्यावर दारातल्या पायरीवर बसल्या, उठल्या, परत बसल्या. मग म्हणाल्या, ‘ह्याची तारीख चुकवू नगंस.’ गिरणीतल्या कॅलेंडरवर आता दोन गोल आहेत, माझा सहा महिन्यांनी येतो, त्यांचा तीन.